गर्दीचे सौंदर्य आणि जमिनीचा हिशोब

प्राग शहरातील जुन्या ज्यू दफनभूमीची छायाचित्रे वाचकांनी कुठे ना कुठे पाहिली असतील. एकमेकांवर रेललेले, कललेले, अर्धेअधिक मातीत गेलेले काळसर दगड, त्यांच्यामधून वर गेलेली झाडे, शेवाळ आणि मावळतीचा उजेड. प्रवासी पुस्तकांतून या जागेसाठी ‘गूढरम्य’ हे विशेषण जणू राखून ठेवलेले असते. गेल्या वर्षी एका परिसंवादाच्या निमित्ताने मला त्या शहरात जाता आले आणि लागोपाठ दोन दिवस मी त्या दगडांमध्ये काढले. परंतु प्रवासवर्णन लिहिणे हा माझा हेतू नाही. ही दफनभूमी आजवर कोणी कशी वाचली, आणि त्या वाचनाने खाली पुरलेल्या माणसांचे काय केले, एवढाच प्रश्न मला येथे घ्यायचा आहे. तो आपल्या साहित्यसमीक्षेचाही प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. योझेफोव या जुन्या ज्यू वस्तीत ही जागा आहे. येथील सर्वांत जुना दगड १४३९ सालचा, शेवटचे दफन १७८७ सालचे. म्हणजे साडेतीनशे वर्षे एका वस्तीने आपली माणसे एवढ्याच तुकड्यात पुरली. त्याआधी त्यांची दुसरी दफनभूमी होती, नव्या नगराच्या बाजूला. तिला ‘ज्यूंची बाग’ म्हणत. १४७८ साली राजा व्लादिस्लाव दुसरा याने ती बंद केली. पुढे तिच्यावर रस्ते आणि घरे उभी राहिली. तिच्यातले काही फुटके दगड आज जुन्या दफनभूमीच्या भिंतीत बसवलेले दिसतात. एक जागा हिसकावली गेल्यावर दुसरीवर भार पडला. वस्तीला बाहेर पसरायला परवानगी नाही, मेलेल्यांसाठी पुरेशी जमीन नाही, आणि जुने थडगे उकरून त्या जागी नवे करायला धर्माची मनाई. मग उपाय एकच उरला. बाहेरून माती आणायची, जुन्या थडग्यांवर टाकायची आणि वरच्या थरात नवे दफन करायचे. मात्र खालच्याचा दगड गाडायचा नाही, तो वर काढून नव्या दगडाशेजारी उभा करायचा. काही ठिकाणी असे बारा थर असल्याचे सांगितले जाते. आज वर सुमारे बारा हजार दगड उभे आहेत, आणि खाली त्याहून कितीतरी अधिक माणसे आहेत.

ज्याला आपण गर्दीचे सौंदर्य म्हणतो ते असे तयार झाले. दगड कलले याचे कारण खालची माती भरावाची आहे. ते एकमेकांना चिकटले याचे कारण अनेक थरांचे दगड एकाच थरावर आले आहेत. यात गूढ असे काही नाही. एखादा तलाठीसुद्धा हे गणित मांडू शकेल.

आणि हे गणित केवळ मेलेल्यांना लागू होते असे नाही. १७२६ साली बोहेमियात असा कायदा झाला की ज्यू कुटुंबांची संख्या ८,५४१ च्या वर जाता कामा नये. एका घरातल्या एकाच मुलाला लग्नाची परवानगी. बाकीच्यांनी अविवाहित राहावे, चोरून लग्न करावे किंवा देश सोडावा. हा कायदा १८४८ पर्यंत टिकला. १७४४ साली मारिया थेरेसा राणीने प्रागमधून ज्यूंना हद्दपार करण्याचा हुकूम काढला आणि १७४८ मध्ये जबर कराच्या बदल्यात त्यांना परत येऊ दिले. जिवंतपणी किती जणांनी जगावे हे सरकारने ठरवायचे, आणि मेल्यावर किती चौरस हात मिळावेत हेही त्यानेच. ही पार्श्वभूमी ठाऊक नसलेला माणूस त्या दगडांपुढे उभा राहून ‘काय हे विलक्षण दृश्य!’ असे म्हणतो, तेव्हा तो नकळत जमिनीच्या नाकारणीलाच दाद देत असतो.

या दृष्टीचा उगम शोधायचा तर प्रागबाहेर जावे लागते. सतराव्या शतकातील डच चित्रकार याकोब फान राउस्डाल याने ज्यू दफनभूमीची दोन चित्रे काढली. त्यांपैकी एक आज ड्रेस्डेनमध्ये आहे, दुसरे अमेरिकेत डेट्रॉइटला. चित्रातली थडगी खरी आहेत. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आउडरकेर्क या गावी पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंची जी दफनभूमी आहे, तिथली ती. वैद्य एलियास मोंताल्तो याचे थडगे तर स्पष्ट ओळखू येते. परंतु ती जागा सपाट, नदीकाठची, नीटनेटकी. राउस्डालने तिच्याभोवती पडके वाडे, फेसाळता ओढा, वठलेले झाड, काळे ढग आणि इंद्रधनुष्य रचले. १८१६ मध्ये गोएथेने या चित्रकाराला कवी ठरवून निबंध लिहिला आणि त्यात या दफनभूमीच्या चित्राचा गौरव केला. चित्र थोर आहे याविषयी माझा वाद नाही. पण स्पेन-पोर्तुगालच्या धर्मन्यायालयापासून जीव वाचवून आलेल्या, नव्या देशात जमीन विकत घेऊन आपल्या मृतांना शिस्तीने पुरणाऱ्या माणसांची थडगी येथे मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेचे प्रतीक झाली. त्या माणसांचा इतिहास गळाला आणि प्रतीक तेवढे उरले.

आपल्याकडील वाचकाला ही चाल ओळखीची वाटेल. दलित आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा पांढरपेशा समीक्षेने त्यांच्यातल्या दारिद्र्याला ‘जिवंत’, शिव्यांना ‘रांगड्या बोलीचा गोडवा’ आणि उपासमारीला ‘अस्सल अनुभव’ म्हटले. लेखकाने मांडलेला हिशोब कुणी तपासला नाही. पाणवठा कोणाचा, गायरान कोणाचे, वतन म्हणजे नेमके कोणते काम आणि त्याचा मोबदला किती, हे प्रश्न बाजूला राहिले, आणि ‘दाहक वेदना’ हा शब्द तेवढा परीक्षणांतून फिरत राहिला. राउस्डालच्या ढगांसारखाच तो शब्द आहे. कुठल्याही थडग्यावर चालतो.

रम्यतेचे वाचन निदान निरुपद्रवी तरी म्हणता येईल. दुसरे वाचन तसे नव्हते. हर्मान ग्योड्शे नावाचा एक प्रशियन लेखक होता. हा आधी टपालखात्यात नोकरीला होता आणि १८४९ मध्ये एका लोकशाहीवादी पुढाऱ्याला अडकवण्यासाठी केलेल्या बनावट पत्रांच्या प्रकरणात सापडला होता. त्याने सर जॉन रेटक्लिफ असे इंग्रजी टोपणनाव घेऊन १८६८ साली ‘बियारिट्झ’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या एका प्रकरणात प्रागच्या ज्यू दफनभूमीत मध्यरात्री इस्राएलच्या बारा वंशांचे प्रतिनिधी जमतात आणि जगाची संपत्ती, वृत्तपत्रे व राज्ये कशी ताब्यात घ्यायची याची मसलत करतात. चार वर्षांनी, १८७२ मध्ये, हे प्रकरण रशियात स्वतंत्र पुस्तिका म्हणून निघाले. पुढे त्यातली भाषणे एकत्र करून ‘रब्बीचे भाषण’ या नावाने ती खरा दस्तऐवज म्हणून युरोपभर फिरू लागली. १९०३ साली रशियातल्या एका वृत्तपत्राने छापलेल्या कुप्रसिद्ध ‘प्रोटोकॉल्स’ना याच कल्पनेने जमीन तयार करून दिली. ते ‘प्रोटोकॉल्स’ मॉरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या १८६४ मधील पुस्तकावरून चोरलेले आहेत हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये उघडकीस आणले. तरीही हिटलरच्या जर्मनीत ते शाळेच्या मुलांपर्यंत पोचले.

कादंबरीतला एक रंगवलेला प्रसंग पुरावा कसा होतो? मला वाटते, ती जागा निवडण्यातच ग्योड्शेचे कसब आहे. ज्या वस्तीला तुम्ही भिंतीआड कोंडले, तिच्या आत काय चालते ते तुम्हांला दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते कटच असले पाहिजे. कोंडणाऱ्याची भीती कोंडलेल्याच्या नावावर जमा होते. ग्योड्शे लिहीत होता तेव्हा त्या दफनभूमीत दफने थांबून ऐंशी वर्षे झाली होती. वस्तीतले सुस्थितीतले ज्यू बाहेर पडू लागले होते आणि त्यांच्या जागी सगळ्या धर्मांचे दरिद्री लोक राहायला येत होते. जगाच्या तिजोऱ्यांची वाटणी करणारे तिथे कोण होते? परंतु आमच्या वस्त्यांविषयी चावडीवर आणि पुढे वर्तमानपत्रांतून काय काय बोलले गेले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रश्न विचारण्याची गरज नाही.

उम्बेर्तो एको या इटालियन लेखकाची २०१० मधील कादंबरी ‘प्रागची दफनभूमी’ याच बनावटीच्या कारखान्यावर आहे. तिचा नायक सिमोनिनी काल्पनिक आहे, पण त्याच्याभोवतीची बहुतेक माणसे इतिहासातली आहेत. बनावट कागद कसा शिजतो, एकाची कल्पना दुसरा कशी चोरतो, गिऱ्हाईक बदलले की आरोपी कसा बदलतो, हे एकोने फार बारकाईने दाखवले आहे. अध्यापकांनी ही कादंबरी जरूर वाचावी. तरी माझी तक्रार राहतेच. सबंध पुस्तकभर आपण ज्यूद्वेष्ट्याच्या डोक्यात बसलेलो असतो. ज्या दफनभूमीचे नाव पुस्तकाला आहे तिथले एकही माणूस त्यात बोलत नाही. इटलीत पुस्तक निघाले तेव्हा यावर वाद झाला होता. एकोचा हेतू शुद्ध आहे. पण विष कसे बनते हे सांगताना ज्याला ते पाजले गेले तो वाचकाच्या नजरेआडच राहतो, आणि हुशार वाचक शेवटी विषाच्या पाककृतीचेच कौतुक करू लागतो.

मग खाली पुरलेल्यांचा स्वतःचा मजकूर कोणता? तो दगडांवरच आहे. १४३९ सालचा तो सर्वांत जुना दगड अविग्दोर कारा या रब्बी आणि कवीचा आहे. १३८९ मध्ये ईस्टरच्या सुमारास प्रागच्या ज्यूंची कत्तल झाली. तिच्यातून वाचलेल्या काराने त्या कत्तलीवर हिब्रूत शोकगीत लिहिले आणि ते प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रार्थनेत म्हटले जाऊ लागले. म्हणजे या दफनभूमीचा पहिला दगडच अशा माणसाचा आहे की ज्याने आपल्यावरच्या अत्याचाराची नोंद स्वतःच्या हाताने केली. ही गोष्ट गूढरम्यतेच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. त्याच पुस्तकांत रब्बी यहुदा लोएव याने मातीचा गोलेम कसा केला याला मात्र चार पाने असतात. हा रब्बी १६०९ मध्ये वारला. त्याच्याशी गोलेमची कथा जोडली गेली ती एकोणिसाव्या शतकात. जिवंतपणी त्याने ज्या गोष्टीसाठी भांडण केले ती वेगळीच होती. मुलाच्या वयाला आणि आकलनाला न झेपणारा मजकूर घोकून घेणाऱ्या शिक्षणपद्धतीवर त्याने कडक टीका केली होती. त्याच्या थडग्याच्या फटींत लोक नवसाच्या चिठ्ठ्या खोचतात. शिक्षणाविषयीची एखादी चिठ्ठी त्यात असेल तर बरे.

दगडांवर चिन्हे आहेत. शिंप्याच्या थडग्यावर कात्री. इतिहासकार आणि ज्योतिर्विद डेव्हिड गान्स याच्या दगडावर बदक, कारण गान्स म्हणजे हंसबदक. पुरोहित कुळातल्यांच्या दगडावर आशीर्वाद देणारे दोन हात, लेव्ही कुळातल्यांच्या दगडावर पाण्याची झारी. हे हात पाहून मी थबकलो. जन्माने ठरणारी पायरी येथेही मेल्यावर सुटलेली नाही. श्रीमंतीही सुटलेली नाही: १६२८ मध्ये वारलेल्या हेंडल बास्सेवी या उमरावपत्नीचे थडगे एखाद्या छोट्या घरासारखे आहे आणि भोवती साध्या दगडांची दाटी. शोषित समाज आतून समतेचा असतो असे मानण्याची चूक आपल्या चळवळीतही होत आली आहे. ती येथे दुरुस्त होते.

परंतु एका गोष्टीने मला अधिक विचारात पाडले. दफनभूमीच्या दाराशी १७७२ च्या सुमारास काढलेल्या चित्रांची एक मालिका पाहायला मिळते. प्रागमध्ये १५६४ साली दफनविधीची एक मंडळी स्थापन झाली होती. त्या मंडळीचे सभासद काय काय करतात ते या चित्रांत आहे. आजाऱ्याला भेटणे, प्रेत धुणे, कफन शिवणे, खड्डा खणणे, तिरडी वाहणे आणि शेवटी वार्षिक मेजवानी. प्रेत धुणारे हे लोक वस्तीतले प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. मंडळीचे सभासदत्व मिळणे हा मान होता. आपल्या गावगाड्यात मेलेल्याची खबर पाहुण्यांच्या गावी पायी पोचवणे आणि सरणाची लाकडे वाहणे ही महाराची सक्तीची कामे होती, आणि ती करणारा त्या कामामुळे अधिकच अस्पृश्य ठरे. मृत्यूची सेवा हीच. एका ठिकाणी ती करणारा पंगतीत मानाने बसतो, दुसऱ्या ठिकाणी त्याला पंगत उठल्यावर उष्टे मिळते. मृत्यूच्या विटाळाची कल्पना ज्यूंच्या धर्मातही आहे. तिथे पुरोहित कुळातल्याने प्रेताजवळ जायचे नसते. पण तो विटाळ विधीपुरता राहिला. सेवा करणाऱ्यांची जात त्यातून झाली नाही.

म्हणून ज्यू आणि आपण यांची सरसकट बरोबरी करणारी भाषणे मला पटत नाहीत. बाबासाहेबांच्या एका अपूर्ण ग्रंथाचे नाव ‘अनटचेबल्स ऑर द चिल्ड्रेन ऑफ इंडियाज घेट्टो’ असे आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये, महाराष्ट्र शासनाच्या समग्र लेखनमालेच्या पाचव्या खंडात तो प्रसिद्ध झाला. १५१६ मध्ये व्हेनिसमध्ये रूढ झालेला ‘घेट्टो’ हा शब्द बाबासाहेबांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीसाठी जाणीवपूर्वक वापरला. कोंडून घालण्याच्या व्यवस्थेला तो शब्द अगदी लागू पडतो. तरीही एक फरक उरतो, तो अक्षराचा. प्रागच्या ज्यू वस्तीत १५१२ पासून हिब्रू पुस्तके छापली जात होती. कोंडलेल्या माणसाकडे स्वतःची लिपी, स्वतःची शाळा आणि नाव कोरायला दगड होता. माझी आजी मी शाळेत असताना गेली. ओढ्याच्या काठी गायरानाच्या कडेला आमच्या लोकांचा मसणवटा होता. तिथे तिला पुरले आणि वर चार धोंडे ठेवले. त्या जागेची सातबाऱ्यावर नोंद नव्हती. काही वर्षांनी शेजारच्या जमीनमालकाने ती आपल्या वावरात घेतली आणि नांगर फिरवला. तक्रार कशाच्या आधारे करायची? धोंड्यांवर नाव नव्हते. असते तरी ते वाचणारे आमच्या घरातले पहिले माणूस तेव्हा सातवीत होते.

येथे कोकणातल्या बेने इस्राएलांची आठवण अपरिहार्य आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली या नावाने ओळखले गेलेले हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठी अक्षरे आढळतात. त्यांच्यावर या देशात कत्तलीची वेळ आली नाही, हे खरे आणि चांगलेच आहे. परंतु जातिव्यवस्थेने त्यांना आपल्या पद्धतीने सामावले. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असे दोन भाग पडले आणि गोरे काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार करीनासे झाले. भिंत बांधण्याची गरजच पडली नाही.

प्रागच्या दफनभूमीला लागून पिंकास सिनेगॉग आहे. त्याच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराविया येथील नाझींनी मारलेल्या जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत: नाव, जन्मतारीख आणि अखेरची माहीत असलेली तारीख. १९५४ ते १९५९ या काळात दोन चित्रकारांनी ती लिहिली. १९६८ मध्ये ही वास्तू बंद झाली आणि नावे गेली. १९८९ मध्ये राजवट बदलल्यावर ती पुन्हा एकेक करून लिहावी लागली. गर्दी येथेही आहे. पण ही गर्दी कुणाला रम्य वाटत नाही, कारण ती वाचता येते. मी एका शाळेच्या सहलीतली मुले भिंतीशी नाक लावून नावे वाचताना पाहिली.

तिथले वाटाडे मात्र आवर्जून सांगतात की हिटलरला येथे ‘नष्ट झालेल्या वंशाचे संग्रहालय’ करायचे होते म्हणून हे सारे वाचले. अशा योजनेचा निर्णायक लेखी पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. ठाऊक आहे ते असे: १९४२ पासून गावोगावच्या ओस पडलेल्या सिनेगॉगमधल्या वस्तू प्रागला आणल्या गेल्या, आणि त्यांची यादी करणारे, त्यांना क्रमांक देणारे, त्या जपणारे हात ज्यू कर्मचाऱ्यांचे होते. त्यांतल्या बहुतेकांना पुढे छळछावण्यांत पाठवून मारले. वाचलेल्या हाना वोलावकोवा युद्धानंतर त्या संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या. हिटलरच्या लहरीची गोष्ट चटकदार आहे. तिच्यात मारणाराच जपणाराही ठरतो, आणि मरेपर्यंत यादी करत राहिलेले कारकून गोष्टीतून बाहेर पडतात.

१७८७ नंतर प्रागचे ज्यू आपले मृत शहराबाहेर, झिझकोव भागातल्या दफनभूमीत पुरू लागले. १८९० पर्यंत तिथे दफने झाली. १९६० च्या सुमारास तिच्या बऱ्याच भागाचा बगीचा करण्यात आला आणि १९८५ नंतर त्याच जागेत दूरचित्रवाणीचा प्रचंड मनोरा उभा राहिला. २०२० साली शहराच्या मध्यभागी, वेन्सेस्लास चौकात, रस्त्याची डागडुजी चालू असताना फरसबंदीचे चिरे उलटे केले, तेव्हा काहींच्या खालच्या बाजूला गुळगुळीत पॉलिश आणि हिब्रू अक्षरे निघाली. साम्यवादी राजवटीत ज्यू थडग्यांचे दगड फोडून त्यांचे चिरे पाडले होते आणि अनेक वर्षे लोक त्यांवरून बाजारहाट करत होते. ते चिरे ज्यू समाजाकडे परत देण्यात आले. २०२२ मध्ये झिझकोवच्या जुन्या दफनभूमीत, त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी, त्यांचे स्मारक झाले. मी गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि तिथे कोणी नव्हते. वाकून पाहिले तर एका चिऱ्यावर एक अक्षर होते, दुसऱ्यावर सालाचा अर्धा आकडा, आणि पुष्कळांवर काहीच नव्हते.